उष्ण जागी काम करणाऱ्यांची उष्णता-सहनशीलता कशी तपासावी: काजू कारखाने, आंबा कॅनिंग आणि चिरेखाणींसाठी क्रमवार मार्गदर्शन

कोकणातील काजू कारखाने, आंबा कॅनिंगचे कारखाने आणि जांभ्याच्या चिरेखाणी येथे कामगारांची उष्णता सोसण्याची तपासणी बहुधा एकाच पद्धतीने उरकली जाते. हंगामाच्या तोंडावर डॉक्टरांना बोलावले जाते, रक्तदाब आणि नाडी पाहून सर्वांच्या नावापुढे ‘कामास योग्य’ असा शेरा पडतो, आणि दुसऱ्याच दिवशी नवा माणूस पूर्ण पाळीसाठी वाफेच्या कुकरशेजारी उभा राहतो. तपासणी झाली हे खरे, पण ती चुकीच्या क्रमाने झाली. उष्णता सोसण्याची ताकद ही माणसाच्या उंचीसारखी एकदा मोजून वहीत लिहून ठेवण्याची गोष्ट नाही. ती जागेच्या उष्णतेवर, कामाच्या कष्टावर, अंगाला झालेल्या सरावावर, कालच्या झोपेवर आणि गेल्या आठवड्यातल्या ताप-जुलाबावर अवलंबून असते. म्हणून ही तपासणी एका दिवसात संपत नाही. ती नीट करायची तर दोन आठवडे लागतात आणि त्यानंतरही ती रोज थोडी चालू राहते.

दुसरा गैरसमज असा की ‘आपल्याकडे विदर्भासारखा उन्हाळा नाही’. हवामान खात्याच्या निकषानुसार किनारपट्टीवर तापमान किमान ३७ अंश सेल्सिअस आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असेल, तेव्हा उष्णतेची लाट मानली जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मे महिन्यातले बहुतेक दिवस या रेषेच्या खाली राहतात आणि त्यामुळे काळजीचे कारण नाही असे वाटते. प्रत्यक्षात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओला तापमापक (टोकाला ओले कापड गुंडाळलेला) साधारण २२ अंश दाखवतो, तर आपल्याकडच्या ३३ अंशांत आणि ७० टक्के आर्द्रतेत तोच तापमापक २८ अंशांवर जातो. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीराला थंड करत नाही.

## सुरुवातीची तयारी

पुढील साहित्य आधी जमवावे: ओल्या-कोरड्या तापमापकासह काळ्या गोळ्याचा तापमापक (भट्टी आणि उन्हाची धग मोजणारा), किंवा तिन्ही एकत्र असलेले डब्ल्यूबीजीटी मीटर (हवा, दमटपणा आणि धग यांचा मिळून एक आकडा देणारे), तोंडात धरायचे चार-पाच डिजिटल थर्मामीटर आणि ते पुसण्यासाठी स्पिरिट, १०० ग्रॅमपर्यंत फरक दाखवणारा वजनकाटा, सेकंद काटा असलेले घड्याळ, आणि प्रत्येक कामगारासाठी वहीचे एक स्वतंत्र पान. कपाळावर धरायची तापमानाची बंदूक या कामासाठी वापरू नये. घामाने ओल्या झालेल्या किंवा पंख्याच्या वाऱ्यात असलेल्या कातडीचे तापमान ती कमी दाखवते, आणि आतून तापलेला माणूस तिच्या आकड्यात अगदी ठीक दिसतो.

माणसांमध्ये औद्योगिक आरोग्याची माहिती असलेला एक डॉक्टर, नाडी मोजायला शिकवलेले दोन जण आणि कामगारांची भाषा बोलणारी एक व्यक्ती हवी. चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेले किंवा बागेत नेपाळहून आलेले गडी असतील, तर मुकादमाला दुभाषा करू नये. ज्याच्या हातात हजेरी आहे त्याच्यासमोर कोणीही आपला आजार सांगत नाही.

आधी ठरवायची एक गोष्ट: तपासणीत कोणी उष्ण कामासाठी अयोग्य ठरला तर त्याची मजुरी कापली जाणार नाही, त्याला निवड, प्रतवारी किंवा पॅकिंगचे काम मिळेल, हे मालकाने पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगितले पाहिजे. हे सांगितले नाही तर पुढची सगळी उत्तरे खोटी मिळतील आणि तो दोष कामगारांचा नसेल.

## टप्पा १: आधी जागा मोजा, माणूस नंतर

सर्वाधिक चूक येथेच होते. माणूस कोणत्या उष्णतेसाठी तपासायचा आहे हेच माहीत नसेल, तर तो योग्य की अयोग्य याला काही अर्थ उरत नाही.

१. बी भाजण्याचा ड्रम, वाफेचा कुकर, गर सुकवण्याचा ड्रायर, बॉयलरचे तोंड, आमरसाचे डबे उकळत्या पाण्यातून काढण्याची जागा, चिरेखाणीचा तळ अशा प्रत्येक ठिकाणी, माणूस जिथे प्रत्यक्ष उभा राहतो तिथे आणि त्याच्या छातीच्या उंचीवर मीटर ठेवा. ऑफिसच्या भिंतीवरचा तापमापक किंवा मोबाइलवरचे तापमान यासाठी चालत नाही.

२. काळा गोळा स्थिर व्हायला २० ते २५ मिनिटे लागतात. त्याआधी घेतलेला आकडा कमी येतो.

३. सकाळी ११, दुपारी १ आणि ३ वाजता, भट्टी पूर्ण चालू असताना मोजा. बंद कारखान्यात घेतलेले माप फाडून टाकावे.

४. छताखाली डब्ल्यूबीजीटी म्हणजे ओल्या तापमापकाचा ०.७ भाग अधिक काळ्या गोळ्याचा ०.३ भाग. उघड्या उन्हात ओल्याचा ०.७, गोळ्याचा ०.२ आणि कोरड्या हवेचा ०.१ भाग. उदाहरणार्थ, कुकरशेजारी ओला तापमापक २९ आणि गोळा ४१ दाखवत असेल, तर २०.३ अधिक १२.३, म्हणजे ३२.६ अंश.

हा आकडा कशाशी ताडायचा? मध्यम कष्टाचे काम सलग चालत असेल, तर सराव झालेल्या निरोगी माणसासाठी मर्यादा साधारण २८ अंश आणि सराव नसलेल्यासाठी साधारण २५ अंश धरतात. बसून करायच्या हलक्या कामाला मर्यादा थोडी वर जाते. घण चालवणे, चिरे उचलून ट्रकमध्ये भरणे, बीची पोती खांद्यावरून वाहणे अशा जड कामाला ती खाली येते. हवा किंवा घाम बाहेर न जाऊ देणारा पूर्ण अंगाचा संरक्षक पोशाख घातला जात असेल, तर मोजलेल्या आकड्यात ११ अंश मिळवावे लागतात. रासायनिक कारखान्यांत ही बेरीज हमखास विसरली जाते.

इशारा: वरच्या उदाहरणातील ३२.६ अंशांत मध्यम कष्टाचे काम सलग आठ तास करू शकेल असा माणूस कोणत्याही तपासणीतून निघणार नाही. आकडा एवढा आला तर तपासणी थांबवा आणि आधी जागा सुधारा: वाफ बाहेर नेणारे धुराडे, भट्टी आणि माणूस यांच्यामध्ये चमकदार पत्र्याचा आडोसा, छपराला वरून हवा जायला मोकळीक, खाणीत सकाळी ११ नंतर कापणी बंद. गरम जागेचे खापर माणसाच्या अंगावर फोडण्यासाठी तपासणीचा उपयोग करणे हा अन्याय आहे.

## टप्पा २: एकांतात विचारायचे प्रश्न

डॉक्टरांच्या तपासणीआधी प्रत्येकाशी वेगळे बसून बोला. स्त्रियांशी स्त्रीनेच बोलावे. प्रश्न साधे ठेवावेत:

– यापूर्वी कधी उन्हात किंवा भट्टीजवळ चक्कर येऊन पडलात का? दवाखान्यात न्यावे लागले का?
– रक्तदाब, मधुमेह, हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड, फिट येणे यांपैकी काही?
– रोज कोणत्या गोळ्या घेता? नाव आठवत नसेल तर पाकीट घेऊन या.
– गेल्या आठवड्यात ताप, जुलाब, उलट्या?
– अंगावर घामोळे, मोठा भाजल्याचा व्रण किंवा त्वचेचा आजार?
– गरोदर आहात का, किंवा अंगावर पाजता का?
– रात्री किती तास झोप झाली? दारू कधी घेतली?
– सध्या उपवास किंवा रोजा चालू आहे का?

औषधांचा प्रश्न वगळला जातो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या अंगातले पाणी कमी करतात. सर्दी-खाजेवरच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारावरची काही औषधे घाम कमी करतात. आणि रक्तदाब-हृदयविकारावरच्या बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या नाडी दाबून ठेवतात, ज्यामुळे पाचव्या टप्प्यातली नाडीची चाचणी त्या माणसाबाबत फसवी ठरते. मात्र औषध चालू आहे हे कळताच ‘गोळी बंद कर’ असा सल्ला मुकादमाने किंवा सुपरवायझरने कधीही देऊ नये. औषध बदलायचे की काम बदलायचे हे डॉक्टर ठरवतील.

पडताळणी: ‘पाणी किती पिता?’ या प्रश्नाला एका काजू कारखान्यात बहुतेक बायकांनी ‘भरपूर’ असे उत्तर दिले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या बाटल्या पाहिल्या, तर सकाळी आणलेल्या लिटरभर पाण्यातले अर्ध्याहून अधिक तसेच होते. त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकी हळूच म्हणाल्या, “पाणी प्यायलं तर जायचं कुठे?” पन्नास बायकांमागे एक संडास होता आणि त्याला आतून कडी नव्हती. प्रश्नावलीच्या कागदावर हे कधीच आले नसते. म्हणून पाण्याचा रकाना भरण्यापूर्वी संडास मोजा, त्यांची दारे आणि पाणी पाहा.

## टप्पा ३: वैद्यकीय तपासणी

डॉक्टरांकडे कामगाराला पाठवताना पहिल्या टप्प्यातले आकडे आणि कामाचे वर्णन सोबत द्या. ‘२७ अंश डब्ल्यूबीजीटीमध्ये वीस किलोची पाटी तासाला चाळीस वेळा उचलतो’ असे लिहिलेले असेल, तरच त्यांना निर्णय घेता येईल. तपासणीत उंची-वजन, विश्रांतीतील नाडी व रक्तदाब, हृदय-फुप्फुसे, त्वचा, लघवी, रक्तातील साखर, आणि गरज वाटल्यास मूत्रपिंडाच्या कार्याची चाचणी व ईसीजी एवढे असावे. पूर्वी उष्माघात झालेला माणूस, अंगात ताप असलेला, जुलाबातून नुकताच उठलेला आणि गरोदर स्त्री यांना डॉक्टरांनी लेखी मोकळीक दिल्याशिवाय भट्टीजवळ पाठवू नये.

काही जण ‘उष्णता-सहनशीलता चाचणी’ म्हणून ऐकलेली गोष्ट आपल्या आवारात करून पाहतात. ती चाचणी अशी असते: ४० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत, ट्रेडमिलवर २ टक्के चढावर, ताशी ५ किलोमीटर वेगाने १२० मिनिटे चालायचे, या काळात गुदद्वारातील तापमान आणि नाडी सतत मोजली जाते. तापमान ३८.५ अंशांवर किंवा नाडी मिनिटाला १५० वर गेली, अथवा दोन्ही स्थिरावण्याऐवजी चढतच राहिली, तर सहनशीलता कमी मानतात. ही चाचणी इस्रायलच्या सैन्यात उष्माघातातून बरे झालेल्यांना पुन्हा कामावर घ्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी रुळली. ती डॉक्टर आणि थंड करण्याची सोय शेजारी असलेल्या प्रयोगशाळेतच करायची असते. भर दुपारी माणसाला आवाराभोवती पळवून ‘कोण टिकतो’ हे पाहणे ही चाचणी नव्हे. त्यात माणूस दगावू शकतो.

वैद्यकीय अहवाल डॉक्टरांकडे कुलुपात राहील. कारखान्याकडे फक्त ‘योग्य’, ‘अटींसह योग्य’ किंवा ‘सध्या नाही’ एवढेच यावे.

## टप्पा ४: सराव देणे

वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झालेला माणूस अजूनही उष्ण कामास तयार नसतो. शरीराला लवकर आणि अधिक घाम येणे, त्या घामातून मीठ कमी जाणे, त्याच कामाला नाडी कमी लागणे हे बदल ७ ते १४ दिवसांत होतात, आणि तेही रोज उष्णतेत काम केले तरच.

१. नवा कामगार: पहिल्या दिवशी उष्ण जागी पाळीच्या २० टक्के वेळ, म्हणजे आठ तासांपैकी साधारण दीड तास. पुढे रोज २० टक्के वाढ. उरलेली पाळी थंड जागेत.

२. पूर्वी तेच काम केलेला, पण खंड पडलेला कामगार: पहिल्या दिवशी ५०, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी १०० टक्के.

३. या काळात त्याच्यासोबत एक जुना जोडीदार ठेवा. तापलेल्या माणसाला स्वतःचे बिघडलेले आधी कळत नाही, बाजूच्याला कळते.

सरावाचा परिणाम आठवडाभराच्या खंडाने उतरू लागतो आणि महिनाभराने जवळजवळ नाहीसा होतो. कोकणात हे खंड ठरलेले आहेत. शिमग्याला गावी गेलेला गडी दहा-बारा दिवसांनी परततो, तेव्हा नेमका उन्हाळा चढलेला असतो. गणपतीनंतर परततो, तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा समोर असतो. तो ‘जुना माणूस’ म्हणून थेट पूर्ण पाळीला लागतो आणि तिथेच घात होतो. कॅनिंगचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण हंगामच मे महिन्यात सुरू होतो आणि बहुतेक माणसे त्याच आठवड्यात नवी घेतली जातात. त्यावर एकच उपाय मला आजवर कामाचा वाटला: माणसे गरजेच्या आठवडाभर आधी, दोन तुकड्यांत बोलवा, आणि पहिल्या तुकडीचा सराव होईपर्यंत उत्पादन कमी धरा. हा खर्च आहे, पण तो हंगामाच्या हिशेबात आधीच मांडता येतो.

इशारा: सराव म्हणजे तहान सोसायला शिकणे नव्हे. दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी द्या. तासाला दीड लिटरपेक्षा अधिक मात्र देऊ नका, कारण रक्तातले मीठ धोकादायकरीत्या उतरू शकते. जेवणासोबत मिठाची पेज, ताक किंवा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घातलेले कोकम सरबत चांगले. फार घाम जात असेल तर जलसंजीवनी द्या: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मिठाच्या गोळ्या देऊ नयेत. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

## टप्पा ५: प्रत्यक्ष कामावरची चाचणी

सरावाच्या पाचव्या दिवसापासून ही चाचणी सुरू करा आणि दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत तीन वेळा तरी करा. पहिल्याच दिवशी केली, तर चांगला माणूसही अयोग्य दिसेल.

वजन. पाळीच्या आधी लघवी करून, हलक्या कोरड्या कपड्यांत वजन घ्या. पाळी संपल्यावर अंग पुसून, तसेच कोरडे कपडे घालून पुन्हा घ्या. घट दीड टक्क्यापेक्षा अधिक नसावी. ६० किलोच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा ९०० ग्रॅम होते. घामाने भिजलेल्या साडीसकट किंवा ॲप्रनसकट घेतलेले वजन निरुपयोगी आहे.

तापमान. विश्रांती सुरू होताच, पाणी पिण्याआधी, थर्मामीटर जिभेखाली धरून तोंड मिटायला सांगा. त्याआधीच्या १५ मिनिटांत गार पाणी किंवा चहा झालेला नसावा. मोजून होताच पाणी द्या. ३७.६ अंशांपेक्षा अधिक असेल, तर पुढचा कामाचा वेळ एक तृतीयांशाने कमी करा. ३८ अंशांवर असेल, तर त्या दिवशी उष्ण काम बंद.

नाडी. माणूस काम थांबवून बसला की घड्याळ सुरू करा. ३०व्या सेकंदापासून ६०व्या सेकंदापर्यंत ठोके मोजून दुप्पट करा. हा पहिला आकडा. मग अडीच ते तीन मिनिटांदरम्यान तसेच मोजा. हा दुसरा आकडा. पहिला आकडा ११० पेक्षा अधिक असेल, तर विश्रांती तेवढीच ठेवून पुढचा कामाचा वेळ एक तृतीयांशाने कमी करा. दुसरा आकडा ९० च्या आत आला, तर शरीर सावरते आहे. दुसरा आकडा ९० च्या वर आणि दोन्हींतला फरक दहापेक्षा कमी असेल, तर त्याला त्या दिवशी उष्ण कामातून बाजूला काढा आणि डॉक्टरांना कळवा. ११६ वरून ८८ वर आलेल्या माणसाला काम कमी करावे लागेल. ११६ वरून ११० वर अडकलेल्याला थांबवावे लागेल.

एखाद्याच दिवशी आकडे बिघडले तर आधी कारण शोधा: झोप, उपवास, आदली रात्र, जुलाब. एकाच जागेवरच्या बहुतेकांचे आकडे बिघडले, तर दोष जागेचा आहे. टप्पा १ कडे परत जा.

पडताळणी: काजू बी फोडण्या-सोलण्यासारख्या किलोवर मजुरी मिळणाऱ्या कामात माणसे विश्रांती टाळतात आणि चाचणीच्या दिवशी मुद्दाम सावकाश काम करतात. त्या दिवसाचे सरासरी उत्पन्न आगाऊ मान्य करा, तरच खरा आकडा मिळेल.

## टप्पा ६: निर्णय आणि रोजची पाहणी

दोन आठवड्यांच्या शेवटी डॉक्टर आणि सुपरवायझर यांनी मिळून तीनपैकी एक निर्णय लिहावा: पूर्ण पाळीस योग्य; ठरावीक वेळ व विश्रांतीसह योग्य; उष्ण कामास सध्या नाही. तिसऱ्या निर्णयापुढे फेरतपासणीची तारीख असलीच पाहिजे, नाहीतर ‘सध्या’ या शब्दाचा अर्थ कायमचा होतो.

त्यानंतर रोज सकाळी हजेरीच्या वेळी अर्धे मिनिट द्यावे: ताप, जुलाब, झोप, नवे औषध. कोणी ‘बरे नाही’ म्हणाले तर त्या दिवशी थंड काम, कागदपत्र न मागता. आठवड्याहून अधिक खंड पडला, आजार झाला, औषध बदलले किंवा माणूस एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर गेला, तर टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात करावी. भट्टी बदलली, पंखा बंद पडला किंवा नवा कुकर बसला, तर टप्पा १ पासून.

## सगळ्या टप्प्यांत तयार ठेवायची व्यवस्था

सावलीची जागा, पिंपभर गार पाणी, चादरी, पंखा आणि बर्फ पहिल्या दिवसापासून हाताशी असावा. मच्छीच्या बर्फाची लादी चालेल. कोणी असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, चिडचिड करू लागला, किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजूनच वागा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असे मानू नका. कष्टाच्या कामात झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकते. १०८ ला फोन करायला एकाला पाठवा आणि त्याच क्षणी बाकीच्यांनी कपडे सैल करून, अंगावर सतत पाणी ओतत, पंखा चालू ठेवावा. मान, काख आणि जांघेत बर्फ कापडात गुंडाळून ठेवावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉल देऊ नये. हा तापाचा आजार नव्हे, त्याने उतरत नाही. रुग्णवाहिका घाटातून किंवा आडवाटेने येईपर्यंतचा वेळ थंड करण्यातच गेला पाहिजे, आणि गाडीत चढवल्यावरही ओल्या चादरी अंगावर राहू द्याव्यात.